स्पायडर-मॅन: इंडिया

‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही चार अंकांची इंग्रजी चित्रकथामालिका आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी ती रचली असून चित्रे कांग यांची आहेत. मार्व्हल कॉमिक्सच्या परवानगीने गॉथम एंटरटेनमेंट ग्रुपने ती २००४मध्ये भारतात प्रकाशित केली. २००५मध्ये ती अमेरिकेत निघाली. तिचा नायक पवित्र प्रभाकर हा मुंबईत शिकणारा मुलगा असून मार्व्हलच्या समांतर विश्वांच्या गणनेत त्याच्या जगाचा क्रमांक ‘अर्थ-५०१०१’ असा आहे.

समांतर विश्वाची चौकट

एकाच महानायकाची अनेक रूपे परस्परविरोध न होता नांदावीत, यासाठी अमेरिकन चित्रकथांनी समांतर विश्वांचा आधार घेतला. डीसी कॉमिक्सच्या ‘द फ्लॅश’ मालिकेच्या १२३व्या अंकात (१९६१) दोन पिढ्यांतील दोन फ्लॅश दोन निरनिराळ्या पृथ्वींवर राहतात असे दाखवले गेले आणि ही पद्धत रूढ झाली. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हे विशेषण ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ती फारशी परकी वाटू नये. भाषांतराहून ही रीत वेगळी आहे. १९६४मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ मराठीत आणला, तरी त्याचे अरण्य परकेच राहिले. समांतर विश्वात मात्र नायक जन्मापासूनच दुसऱ्या मातीतला असतो.

कथानक

शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे पवित्र खेड्यातून मुंबईस येतो. सोबत माया काकू व भीम काका आहेत. नावे ध्वनिसाम्यावर बेतलेली आहेत: पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. परिणामी ही माणसे नेमकी कोणत्या प्रांतातली, हे नावांवरून सांगता येत नाही. ओबेरॉय एका ताइताच्या योगे राक्षस होतो, तर पवित्रला एका योग्याकडून कोळ्याची शक्ती लाभते. संकटात सापडलेल्या स्त्रीकडे तो पाठ फिरवतो. तिच्या मदतीस धावलेले भीम काका मारले जातात. मूळ कथेचे मर्म एवढ्या एका प्रसंगात टिकले आहे. शेवटी ताईत समुद्रात जातो आणि घरी दिवाळी साजरी होते.

मुंबईचे चित्रण

१९६२च्या मूळ कथेत शक्तीचा उगम किरणोत्सर्गी कोळ्याच्या दंशात होता. ट्रॉम्बे येथे १९५६पासून अणुभट्टी असलेल्या शहरात तो दंश सहज शोभला असता. त्याऐवजी योगी आणि ताईत आणल्यामुळे भारत म्हणजे गूढविद्या, ही बाहेरची समजूतच पुढे चालू राहिली. पोशाखातील धोतराबाबतही काहीसे असेच म्हणता येईल.

मराठीच्या दृष्टीने मोठी उणीव निराळी आहे. मराठीत ‘कोळी’ हा शब्द जाळे विणणाऱ्या आठ पायांच्या जिवाला लावतात आणि जाळे टाकणाऱ्या मच्छीमार समाजालाही. हा समाज मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी आहे आणि शहराला नाव देणाऱ्या मुंबादेवीचा उपासक आहे. पूर्वीच्या वरळी बेटाच्या उत्तर टोकाला, इंग्रजांच्या लहानशा किल्ल्यालगत वसलेला वरळी कोळीवाडा आजही मासेमारी करतो. बैठी घरे, बोळ, वाळत घातलेली जाळी आणि पलीकडे गगनचुंबी इमारती अशी त्याची रचना आहे. जाळ्याच्या धाग्याला लोंबकळून झोके घेण्यास उंच इमारती लागतात, त्यामुळे कोळीवाड्यातल्या ‘कोळी-माणसा’ला हालचालीची तऱ्हाच बदलावी लागली असती. खलनायकासाठी राक्षसाचीही गरज नव्हती. किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून होड्या सुरक्षित जाव्यात, यासाठी येथील मच्छीमारांना पुढे प्रत्यक्ष झगडावे लागले. इंग्रजीत रचलेल्या कथेला हा श्लेष सुचणे कठीणच होते.

नंतरची रूपे

२०१४च्या ‘स्पायडर-व्हर्स’ या कथानकात पवित्र इतर विश्वांतील स्पायडर-मॅनांबरोबर आला. २०२३च्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सचेतपटामुळे तो जगभर पोहोचला. त्यातील ‘मुंबाट्टन’ हे शहर मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या जोडणीतून घडले आहे. मॅनहॅटन हे नावही तेथील मूळ रहिवासी लेनापे यांच्या भाषेतून आलेले आहे. या शहराच्या रंगरेषेवर जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची छाप आहे. इंग्रजीत पवित्रला करण सोनी यांचा, तर हिंदी व पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिल यांचा आवाज आहे. भारतात चित्रपट मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला.

येथील पवित्र हसरा व आत्मविश्वासू आहे. प्रत्येक विश्वातील स्पायडर-मॅनच्या वाट्याला ठरावीक वियोग यायलाच हवा, असा चित्रपटातील दंडक आहे. मुंबाट्टनमध्ये माइल्स मोरालेस पवित्रच्या मैत्रिणीच्या वडिलांना, इन्स्पेक्टर सिंग यांना वाचवून तो मोडतो आणि लगेच त्या शहरात विवर पडू लागते.