नवा रंग देण्याआधी गाडीचा पत्रा तपासा

आईने निवडलेला रंग होता मोरपंखी. १२ वर्षं पांढऱ्या गाडीत बाबांच्या शेजारी बसलेली आई पन्नाशी ओलांडल्यावर गाडी चालवायला शिकली. लायसन्स हातात आलं त्या दिवशी बाबांनी किल्ली तिच्यासमोर ठेवली. ‘‘गाडी माझी, तर रंगही माझ्या आवडीचा,’’ ती म्हणाली. घरात कुणीच नाही म्हटलं नाही.

आम्ही इंदूरला राहतो. घराजवळच्या गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींना आम्ही मोठ्या उत्साहाने मोरपंखी रंगाचा फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेलं छोटंसं लोहचुंबक काढलं. ते दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं. डाव्या बाजूच्या मागच्या दाराखाली मात्र टपकन खाली पडलं.

‘‘यहाँ लोहा नहीं, लांबी है,’’ मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने थोडं खरवडलं. बोटभर जाडीचा लांबीचा थर निघाला आणि त्यामागे तळहाताएवढं गंजलेलं भोक दिसलं.

आमची गाडी आधी ८ वर्षं रत्नागिरीत होती. समुद्राची खारी हवा आणि कोकणातला पाऊस. तिथे एकदा एक टेम्पो गाडीला घासून गेला होता. तेव्हा एका गॅरेजने गंजलेला पत्रा तसाच ठेवून वरून लांबी भरली, पांढरा रंग मारला आणि गाडी चकचकीत करून दिली. आम्हीही खूश होऊन पैसे दिले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच दारातून आजी चढत-उतरत होती.

दाराखालच्या या पट्टीला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात. ती काही शोभेची पट्टी नाही. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते आणि त्यात या पट्टीचा मोठा वाटा असतो. ती गंजली तर अपघातात आतल्या माणसांना मिळणारं संरक्षण कमी होतं.

तुम्हीही गाडीचा रंग बदलायचा विचार करत असाल, तर शेडकार्ड उघडण्याआधी पुढच्या गोष्टी नक्की वाचा.

चुंबक घ्या, गाडीभोवती फिरा

फ्रिजवर लावतो ते साधं मॅग्नेट मऊ फडक्यात गुंडाळा आणि पत्र्यावर जागोजागी लावून पाहा. जिथे ते चिकटत नाही किंवा अगदी सैल चिकटतं, तिथे खाली जाड लांबी असू शकते. बंपर प्लॅस्टिकचे असतात, काही गाड्यांचे काही भाग अॅल्युमिनियमचे असतात. तिथे चुंबक चिकटणार नाही, त्यामुळे घाबरू नका.

दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरची कमान, डिकीचं तळ आणि काचेच्या रबराखालची जागा नीट बघा. रंगाला फुगे आले असतील तर आत गंज आहे असं समजा. जुनी गाडी विकत घेतानाही ही युक्ती उपयोगी पडते.

आधी कागदपत्रं

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. त्यामुळे पूर्ण रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि काम झाल्यावर आरसीवर नव्या रंगाची नोंद करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेशी बोला, विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघातानंतर क्लेमच्या वेळी कागदावर पांढरी आणि रस्त्यावर मोरपंखी अशी गाडी दिसेल आणि अडचण होईल. आणखी एक, ऑलिव्ह ग्रीन रंग निवडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार तो संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे.

धुणं, मग पुसणं

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा. त्यानंतर वॅक्स आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसा. एका फडक्याने द्रावण लावायचं आणि ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलं तर तेल फक्त इकडून तिकडे जातं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. तेलकट पत्रा घासला तर तेल ओरखड्यांमध्ये जाऊन बसतं. चमक आणणाऱ्या अनेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते राहिलं तर नवा रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

जुना रंग सगळा काढायचा का?

नाही. कंपनीतून आलेला रंग घट्ट असेल तर नव्या रंगासाठी तो उत्तम पाया असतो. त्याची फक्त चमक मारायची, म्हणजे बारीक पेपरने घासून तो मंद करायचा. गुळगुळीत काचेसारख्या पृष्ठभागावर नवा रंग पकड घेत नाही. जिथे पापुद्रे सुटलेत, तडे गेलेत किंवा एकावर एक बरेच थर चढलेत, तिथे मात्र तो पत्र्यापर्यंत काढावाच लागतो. शंका असेल तर त्या जागी ब्लेडने फुलीसारख्या बारीक रेघा मारा, चिकटपट्टी घट्ट लावा आणि झटकन ओढा. पट्टीबरोबर रंग निघाला तर तो टिकणारा नाही.

गंज झाकू नका, काढा

गंज वरवरचा असेल तर ८० नंबरच्या जाड पेपरने किंवा वायर ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर मारायचा. उघडा पत्रा दमट हवेत रात्रभर ठेवला तरी तो पुन्हा गंज धरू लागतो.

भोक पडलं असेल तर लांबी हा उपाय नाहीच. गंजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडायला हवा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची वायर काढलेली असावी आणि आजूबाजूचं कार्पेट, वायरिंग बाजूला केलेलं असावं.

लांबी पातळच हवी

पोचे आधी आतून ठोकून किंवा ओढून शक्य तितके सरळ करायचे. उरलेला बारीक उंच-सखलपणा भरण्यापुरतीच लांबी लावायची. जाड थर धक्क्याने आणि उन्हाने तडकतो. तिच्यात हार्डनर सांगितल्याच्या प्रमाणातच घालायचं. कमी पडलं तर ती मऊ राहते, जास्त झालं तर पुढे वरच्या रंगावर डाग उमटू शकतो.

अनेक ठिकाणी धूळ उडू नये म्हणून लांबी पाणी मारून घासतात. पण लांबी सच्छिद्र असते, पाणी शोषून घेते आणि ते पाणी पुढे पत्र्याला गंज लावतं. म्हणून लांबी कोरडीच घासायला सांगा.

घासण्याचा क्रम

लांबीला आकार द्यायला ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. नंबर वाढतो तसा पेपर बारीक होत जातो. मधला नंबर टाळला तर जाड पेपरचे ओरखडे काही आठवड्यांनी नव्या रंगातून डोकावतात. सपाट भागावर पेपर नुसत्या बोटांनी न धरता ठोकळ्यावर गुंडाळून घासावा, नाहीतर बोटांच्या खुणा लाटांसारख्या उमटतात.

जुना रंग जिथे संपतो आणि पत्रा सुरू होतो तिथली पायरी हाताला लागता कामा नये. आमचे मिस्त्री डोळे मिटून, पातळ फडक्यावरून तळहात फिरवत होते. डोळ्यांना न दिसणारी लाट हाताला कळते.

प्रायमर आणि शेवटची तपासणी

सगळं सपाट झालं की सर्फेसर प्रायमर मारतात. तो वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घासून पाहायचं. काळा रंग जिथे राहतो तो खड्डा, जिथून झटकन जातो तो उंचवटा. शेवटचं घासणं ४०० ते ६०० नंबरच्या पेपरने होतं. इथे पाणी चालतं, पण नंतर सांधे आणि कडा पूर्ण वाळायला हव्यात. बंपरसाठी प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर लागतो. तो नसेल तर पहिल्याच घासणीत बंपरचा रंग सोलला जातो.

राहून जाणाऱ्या जागा

रंग तोच ठेवायचा असेल तर बाहेरून काम भागतं. रंग बदलायचा तर दारांच्या आतल्या कडा, बॉनेट आणि डिकीची आतली बाजू, पेट्रोलच्या झाकणाचं आतलं अंग यांचीही तशीच तयारी करावी लागते. खर्च इथेच वाढतो. हँडल, दिवे, रबर, आरसे काढून रंग दिला तर काम टिकतं. त्यांच्याभोवती नुसती टेप लावली तर त्या कडेपासून रंग सुटायला लागतो.

श्वास सांभाळा

घासण्याची धूळ आणि थिनरची वाफ दोन्ही घातक असतात. दोन भाग मिसळून वापरायच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. म्हणून फवाऱ्याचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका. गॅरेजमधला मुलगा योग्य मास्क लावतो का, हेही विचारा. गाडी आपली असली तरी फुप्फुसं त्याची आहेत.

गॅरेजवाल्याला हे विचारा

  •  पत्रा कापून जोडणार की लांबी भरणार?
  •  उघड्या पत्र्यावर कोणता प्रायमर मारणार?
  •  कोणते भाग काढून रंग देणार?
  •  रंग मारण्याआधी मला गाडी बघता येईल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एकदा रंग चढला की खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. रंगाआधी गाडी पाहा आणि फोटोही काढून ठेवा.

आमच्यापुढे दोन पर्याय होते. पुन्हा लांबी भरून ठरलेल्या पैशांत महिन्याभरात मोरपंखी गाडी घरी आणायची, किंवा रंगाचे पैसे पत्र्यावर घालून थांबायचं. आईने फार विचार केला नाही. ‘‘आधी पत्रा,’’ ती म्हणाली, ‘‘त्या सीटवर आजी बसते.’’

जुलैमध्ये गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला गेला, त्यावर इपॉक्सी प्रायमर बसला. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगाखाली ओल अडकण्याची भीती असते, म्हणून रंगाचं काम मिस्त्रींनीच पुढे ढकललं. पांढऱ्या अंगावर करड्या प्रायमरचं ठिगळ घेऊन आई ४ महिने बाजारात, बँकेत, मावशीकडे गाडी नेत राहिली. कुणी विचारलं की सांगायची, ‘‘काम चालू आहे.’’

दिवाळीनंतर रंग झाला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा सगळे मोरपंखी चमक बघत होते. आईने पर्समधून फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं, रुमालात गुंडाळलं आणि मागच्या दाराखाली लावलं.

ते चिकटलं. मग तिने आजीसाठी मागचं दार उघडलं.