रायगड किनाऱ्यावरील जमीन आणि परदेशस्थ खरेदीदार

किहीम, नागाव, झिराड, रोहे, पेण ही नावे रायगड जिल्ह्याच्या नकाशावर जशी आढळतात, तशीच ती इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या आडनावांतही आढळतात. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले, अशी या समाजाची परंपरा सांगते. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. त्यांच्या पुढील पिढीतील कोणी आजोबांच्या गावी घर घेऊ इच्छितो, तेव्हा एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. आडनाव गावाचेच असते. परंतु कायद्याच्या दृष्टीने खरेदीदार परकीय नागरिक असतो आणि त्याच्या दृष्टीने हा देश परदेश असतो.

अशा खरेदीदाराची पहिली चूक बहुधा स्वदेशातील अनुभवातून उद्भवते. इस्रायलच्या १९६९ च्या भूमिविषयक कायद्यानुसार, ज्या जमिनीचे हक्कनिर्धारण पूर्ण झाले आहे तिच्यासंबंधी नोंदवहीतील नोंद हा निर्णायक पुरावा मानला जातो. महाराष्ट्रातील सातबारा उतारा हा तसा पुरावा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. दुय्यम निबंधकही दस्ताची नोंदणी करतो. विक्रेत्याच्या मालकीची हमी देत नाही. म्हणून येथे वकिलाने सामान्यतः मागील तीस वर्षांचे दस्त, फेरफार आणि वारसनोंदी तपासून शोध-अहवाल देण्याची प्रथा पडली आहे. नोंदवही स्वतः जे काम करीत नाही, ते हा अहवाल काही अंशी करतो.

या किनाऱ्यावर मात्र तीस वर्षे पुष्कळदा अपुरी पडतात. कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) हा खोतीचा प्रदेश होता. चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला कुळांचा संप सर्वश्रुत आहे. पुढे १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर कलम ४३ ची बंधने आली, आणि ती सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात एखाद्या त्रोटक ओळीत दडलेली असतात. मराठी न वाचणाऱ्या खरेदीदारास ती ओळ दिसूनही न दिसल्यासारखीच होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न खरेदीच्या पात्रतेचा. भारताबाहेर राहणाऱ्या परकीय नागरिकास सर्वसाधारणपणे येथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही. त्याच्याकडे ‘ओसीआय’ हे भारतीय मूळ दर्शविणारे पत्र असल्यास घर किंवा दुकानाचा गाळा घेता येतो. शेतजमीन, मळ्याची जमीन वा शेतघर विकत घेता येत नाही. नागाव-आक्षी-चौल पट्ट्यात ‘वाडीतले घर’ म्हणून जे दाखविले जाते, ते अनेकदा नारळ-सुपारीच्या बागायतीत उभे असते, आणि बागायत म्हणजे शेतजमीनच. वारसाहक्काने अशी जमीन मिळू शकते, हे खरे. परंतु ती विकावयाची झाल्यास भारतात राहणाऱ्यासच विकता येते. शिवाय कुळकायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. हे दोन कायदे परस्परांहून स्वतंत्र आहेत. एकाची अट पुरी केल्याने दुसऱ्याची पुरी होत नाही.

अडचण टाळण्यासाठी गावातील परिचिताच्या नावे जमीन घेण्याचा मार्ग कोणी सुचविल्यास तो धोक्याचा समजावा. पैसा एकाचा व नाव दुसऱ्याचे, असा व्यवहार १९८८ च्या बेनामी प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता जप्त होण्याचीही तरतूद प्रभावी झाली आहे. मुखत्यारपत्रावर ‘विक्री’ झाल्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. खरेदीदारास नोंदणीसाठी स्वतः येता येत नसल्यास मुखत्यार नेमता येतो, मात्र परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर प्रमाणित व्हावे लागते, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते.

जमीन अकृषिक असली आणि मालकी निर्वेध असली तरी समुद्राचा प्रश्न उरतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा १९ फेब्रुवारी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राच्या नियंत्रणाखाली आला. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी नियम बदलले. आजच्या नियमांनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत विकासास मनाई आहे. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर, मंजूर आराखड्याच्या अधीन राहून, ५० मीटर आहे. त्यामुळे समुद्र दिसतो म्हणून ज्या भूखंडाची किंमत वाढते, त्यावर घर बांधता येईलच असे नाही. वकिलाचा शोध-अहवाल मालकीपुरताच बोलतो. भूखंड या पट्ट्यात नेमका कोठे पडतो, हे मंजूर किनारा नकाशावरून स्वतंत्रपणे ठरवून घ्यावे लागते. विसाराची रक्कम हाती देण्यापूर्वी हे दोन्ही कागद खरेदीदारास समजेल अशा भाषेत त्याच्यासमोर असावेत, आणि ते तयार करणारा वकील विक्रेत्याने वा दलालाने सुचविलेला नसावा.