गावाचा आराखडा : सही करण्याआधी चार प्रश्न विचारा



उसाची लागण करायची तर आपण काय काय बघतो! माती बघतो, सरी किती फुटांची सोडायची ते ठरवतो, बियाणे कुणाच्या फडातले आणायचे याची चौकशी करतो, पाण्याची पाळी कधी येते ते विचारतो. मगच कांडी जमिनीत जाते. एकरभर उसासाठी एवढा विचार करणारे आपण, साऱ्या गावासाठी दरवर्षी येणाऱ्या लाखो रुपयांबद्दल मात्र चकार शब्द विचारत नाही. शिपाई ग्रामसभेची वही घेऊन दारात आला की सही करून मोकळे होतो.

मी पंचायत समितीत शेतीचा विस्तार अधिकारी. बियाणे, खते, कीड-रोग हे माझे नेहमीचे काम. पण गावाचा आराखडा तयार होताना प्रभारी म्हणून आम्हालाही गावात बसावे लागते. तिथे घडलेली एक गोष्ट आधी सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. कारण चूक एकट्या गावाची नव्हती, माझीही होती.

पंचगंगेच्या काठचे गाव. पहिली ग्रामसभा माणसे न जमल्याने तहकूब झाली. पुन्हा बोलावली तेव्हा देवळात पंधरा-वीस माणसे होती. दहा मिनिटांत यादी वाचून झाली : वेशीवर कमान, चौकात पेव्हिंग ब्लॉक, सभागृहाला रंग. "मंजूर, मंजूर" झाले. खालच्या आळीचे कुणीच आलेले नव्हते. भांगलणीचे दिवस होते. मी विचारायला हवे होते की खालची आळी कुठे आहे? विचारले नाही. कागदावर सही केली आणि शेवटच्या एस.टी.ने घरी गेलो.

पुढे २०२१ च्या जुलैत महापूर आला. खालच्या आळीची पिण्याच्या पाण्याची विहीर बुडाली, मोटारीची पेटी बुडाली. पाणी ओसरले, पण विहिरीत गाळ आणि घाण तशीच. पंचनाम्याला गेलो तेव्हा एक म्हातारी मावशी चिखलातून वाट काढत आली आणि म्हणाली, "सायेब, कमान लई देखनी बांधलीसा. पर पानी तिच्याखालनंच आत आलं बगा. आता प्यायचं काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर वर्षभर आधी, देवळातल्या त्या सभेत द्यायचे होते.

पैसा येतो कुठून?

बऱ्याच जणांना वाटते की हा पैसा आमदार-खासदार देतात किंवा सरपंच 'आणतात'. तसे नाही. १९९२ साली घटनेची ७३ वी दुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. तिने पंचायतींना घटनेत स्थान दिले आणि शेती, लघुपाटबंधारे, पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण असे २९ विषय त्यांच्याकडे सोपवण्यासाठी नेमून दिले. विषय दिले तर पैसाही द्यायला हवा. म्हणून केंद्राचा वित्त आयोग दर पाच वर्षांनी पंचायतींचा वाटा ठरवतो.

१४ व्या आयोगाने २०१५-१६ ते २०१९-२० या पाच वर्षांचा आपला सारा वाटा थेट ग्रामपंचायतींना दिला. तेव्हाच महाराष्ट्रात 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने गावाचा आराखडा गावानेच करण्याची पद्धत सुरू झाली. १५ व्या आयोगाच्या पैशात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला प्रत्येकी १० टक्के आणि ग्रामपंचायतीला ८० टक्के अशी वाटणी झाली. पुढील काळासाठी, म्हणजे २०२६-२७ ते २०३०-३१ साठी, १६ वा आयोग आहे. आयोग बदलला की टक्केवारी बदलते. पण आराखडा गावाने करायचा, ही गोष्ट बदलत नाही.

बंधित आणि अबंधित

हे दोन शब्द ग्रामसभेत कानावर येतात आणि डोक्यावरून जातात. अर्थ सोपा आहे. घरात दुधाचे बिल आले की आपण म्हणतो, यातले एवढे पेंडीचे, एवढे पोरांच्या फीचे, त्याला हात लावायचा नाही. तो झाला बंधित पैसा. उरलेला गरजेप्रमाणे खर्चायचा, तो अबंधित.

१५ व्या आयोगाने २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित ठेवली. त्यातली निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित. ती गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायची. मात्र पगार आणि कार्यालयाचा खर्च तीतून भागवायचा नाही.

म्हणजे एखाद्या गावाला वर्षाला १० लाख मिळाले असे धरा. त्यात ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे आणि ४ लाख गावाच्या पसंतीचे. आता तुम्हीच सांगा, विहिरीचा कठडा वर घेण्याला पैसा नव्हता, असे त्या मावशीला कोणत्या तोंडाने सांगायचे? पैसा होता. यादीत काम नव्हते. आडात होते, पण पोहराच कुणी सोडला नाही.

याशिवाय घरपट्टी-पाणीपट्टीचे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न असते. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. घरपट्टी थकवणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की आपण गावातल्या पांगळ्या माणसाच्या हक्काचे पैसे थकवतो आहोत.

टिकाऊ विकास म्हणजे काय?

२०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टे ठरवली. आपल्या देशात त्यांतून पंचायतींसाठी नऊ संकल्पना काढल्या : गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिक न्यायाचे गाव, सुशासनाचे गाव आणि महिलास्नेही गाव. गावाने यांतल्या आपल्याला पेलतील त्या निवडायच्या आणि कामे त्या दिशेने घ्यायची.

शब्द नवे असले तरी विचार आपल्या मातीला नवा नाही. शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाला हात घातला तेव्हा पुढच्या पिढ्यांचाच विचार केला होता. आपल्या नद्यांवर पावसाळ्यात बरगे काढायचे आणि पावसाळा सरला की घालायचे, हा 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' देशभर याच नावाने ओळखला जातो. नदीला अडवायचे कधी आणि वाट द्यायची कधी, हे कळणे म्हणजेच टिकाऊ विकास.

राज्य शासनाने २०१० साली 'पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना' आणली. तिच्यात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी होता, पण आधी झाडे लावून जगवा, शौचालये बांधा, कर भरा, प्लास्टिक आवरा, असे निकष होते. २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले. त्यात पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गावाला गुण मिळू लागले. मी अशी गावे पाहिली की बक्षिसासाठी खड्डे खणले, रोपे लावली, फोटो काढले आणि उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नाही. बक्षीस एकदा मिळते. सावली वर्षानुवर्षे मिळते.

सभेतली खरी ताकद

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. इथेच सारा घोटाळा होतो. आपण पहिल्या सभेला जात नाही, दुसरी कधी झाली ते कळत नाही आणि मोजकी माणसे साऱ्या गावाचे ठरवतात. ती वाईटच असतात असे नाही. पण त्यांना आपल्या आळीचे दुखणे ठाऊक नसते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदावर उरू देऊ नका. आणि ठरावात किती बळ असते ते पाहायचे तर आपल्याच शिरोळ तालुक्यातले हेरवाड पाहा. मे २०२२ मध्ये या गावाने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. या ठरावाला किती खर्च आला? एक रुपयाही नाही.

दूर पाहायचे तर केरळने १९९६ पासून लोकयोजना राबवली आणि राज्याच्या योजनेतला एक तृतीयांशाहून अधिक पैसा स्थानिक संस्थांना दिला. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोक एकत्र बसून नगरपालिकेच्या खर्चाचा क्रम लावू लागले. गाव करी ते राव न करी, असे आपण उगाच म्हणत नाही.

मग त्या गावाचे काय झाले?

पुढच्या वर्षी महिला सभा रात्री आठला ठेवली. धारा काढून, दूध डेअरीला घालून झाल्यावर. साठ-सत्तर जणी आल्या. एका सुनेने देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढला. पाणी कुठवर आले होते ते म्हाताऱ्यांनी हळदीच्या रेघेने दाखवले. त्या रेघेच्या आत विहीर होती, अंगणवाडी होती आणि कमानही होती! यादी आपोआप तयार झाली : विहिरीचा कठडा पूररेषेच्या वर घेणे, मोटारीची पेटी उंचावर बसवणे, टी.सी.एल. पावडरचा साठा मेमध्येच करणे, गटारीच्या तोंडाशी शोषखड्डे. ती मावशी पुढे बसून होती. यादी वाचून झाल्यावर म्हणाली, "आता करा सही." मी केली.

तुम्ही काय कराल?

आराखड्याची मोहीम २०१८ पासून दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत आली आहे. सभेला जा आणि हे चार प्रश्न विचारा.

१. गेल्या वर्षी किती पैसा आला, किती खर्च झाला आणि शिल्लक किती?

२. यंदा बंधित किती, अबंधित किती?

३. आमच्या आळीचे कोणते काम यादीत आहे आणि नसेल तर का नाही?

४. बांधलेल्या कामाची देखभाल कोण करणार आणि कशातून?

उत्तर मिळाले की ते ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला सांगा. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याशी भांडू नका. प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे. घरात शिकलेली पोर असेल तर तिला मोबाईलवर 'ई-ग्रामस्वराज' उघडायला सांगा. आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च त्यावर कुणालाही पाहता येतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही साली ती ५५ फुटांच्या वर गेली. पाणी येताना ते कुणाची आळी हे विचारत नाही. म्हणून आपणच आधी विचारायला हवे. तेही देवळात, कोरड्या जमिनीवर बसून, वहीवर सही करण्याआधी.