‘बटरफिंगर्स’ : एका शब्दाचा अर्थ आणि उगम

क्रिकेटमध्ये सोपा झेल सुटला की इंग्रजी भाषक त्या क्षेत्ररक्षकास ‘बटरफिंगर्स’ म्हणून डिवचतात. बटर म्हणजे लोणी आणि फिंगर्स म्हणजे बोटे. ज्याच्या हातात वस्तू टिकत नाही, त्याची बोटे जणू लोण्याने माखलेली आहेत, असा याचा भाव. मराठीत अशा मुलास आपण वेंधळा किंवा धांदरट म्हणतो. मराठी शब्द सबंध माणसावर शिक्का मारतात. इंग्रजी शब्द मात्र बोटांपाशीच थांबतो.

या कल्पनेचा जुना उल्लेख मैदानावरचा नसून स्वयंपाकघरातला आहे. जर्व्हेस मार्कहॅम या इंग्रज लेखकाने १६१५ साली गृहिणींच्या मार्गदर्शनासाठी ग्रंथ लिहिला. पाककुशल स्त्रीच्या ठायी कोणते दोष नसावेत हे सांगताना त्यांनी लोणी लागलेल्या बोटांचा दाखला दिला. अशा बोटांतून सारेच खाली पडते, हे त्यामागचे कारण.

पुढे १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डिकन्स यांच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत हा शब्द क्रिकेटच्या सामन्यात ऐकू येतो. तो उच्चारणारा जिंगल स्वतः खेळत नाही. तो बाजूला बसून खातपीत, अखंड बोलत, झेल सोडणाऱ्यांना नावे ठेवतो. नावे ठेवणे किती सोपे असते, हे त्या प्रसंगातून सहज ध्यानी येते.

‘क्लम्झी’ या दुसऱ्या परिचित इंग्रजी शब्दाचे मूळ तर थंडीने बधिर होण्यात आहे. गारठलेल्या हाताला पकड साधत नाही, एवढाच त्याचा आरंभीचा आशय होता.

लोणी धुता येते, गारठलेला हात उबेने मोकळा होतो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी हाताची तात्पुरती अवस्था आहे, माणसाचा स्वभाव नाही. निवासी शाळेत कोवळ्या वयाची मुले घरापासून दूर राहून ताट धुण्यास, बादली उचलण्यास शिकतात. त्यांच्या हातून काही पडणार, काही सांडणार. त्या क्षणी आपण मोठ्यांनी उच्चारलेले नाव मुलास दीर्घकाळ चिकटू शकते. म्हणून पालकांस व माजी विद्यार्थ्यांस आमचे नम्र सांगणे एवढेच : नाव ठेवण्यापूर्वी वस्तू कशी धरावी, हे एकदा त्याच्याजवळ बसून दाखवावे.