ट्रक : इंधनाचा वाढता खप व मंद प्रवेग यांचे निदान

दीर्घकाळ वापरलेल्या ट्रकमध्ये दर लिटर इंधनामागे कापले जाणारे अंतर घटणे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडीचा वेग सावकाश वाढणे, हे दोन दोष पुष्कळदा एकत्र आढळतात. चालकांच्या भाषेत अशी गाडी ‘ॲव्हरेज देत नाही’ व तिला ‘पिकअप’ नसतो. हे दोष म्हणजे स्वतंत्र बिघाड नसून बिघाडाची लक्षणे होत. त्यांचे मूळ एंजिनात असेलच असे नाही. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी क्रमवार तपासणी आवश्यक ठरते. यांत्रिक पंपाने इंधनाचे अंतःक्षेपण (दाबाखाली सिलिंडरात फवारणी) करणाऱ्या जुन्या डीझेल ट्रकचा विचार येथे केला आहे. जमशेदपूर येथे १९५४ मध्ये डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने टाटांचे ट्रक तयार होऊ लागले. तेव्हापासून अनेक दशके भारतीय ट्रकमध्ये मुख्यतः याच पद्धतीची एंजिने वापरली जात होती.

ऊर्जेचा हिशेब : एक लिटर डीझेलच्या ज्वलनातून सु. ३६ मेगॅजूल उष्णता मिळते. सुस्थितीतील जुन्या एंजिनातही तिच्या सु. एकतृतीयांश भागाचेच उपयुक्त कार्यात रूपांतर होते; बाकीची बव्हंशी निष्कास वायू व शीतक पाणी यांवाटे निघून जाते. मिळालेले कार्य टायरांचा लोटण-रोध, हवेचा रोध, चढ आणि प्रवेग यांसाठी खर्च होते. त्यामुळे निदानात प्रथम दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात : एंजिनातच शक्ती कमी निर्माण होत आहे, की निर्माण झालेली शक्ती वाटेत वाया जात आहे.

खपाची मोजणी : टाकी काठोकाठ भरून अंतरमापकाची नोंद घेतात. नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या भाराने काही खेपा केल्यावर टाकी पुन्हा तितकीच भरतात. कापलेल्या अंतरास भरलेल्या इंधनाने भागल्यास खरा आकडा मिळतो. उदा., १,२०० किमी.साठी ३०० लि. लागल्यास गाडी लिटरला ४ किमी. जाते. पूर्वी ती ४·५ किमी. जात असेल, तर महिन्याला ६,००० किमी. धावणाऱ्या ट्रकमागे सु. १६७ लि. इंधन जास्त जळते. एकाच ट्रकवर उपजीविका करणाऱ्या मालकाच्या दृष्टीने ही रक्कम मोठी असते. इंधनाची गळती वा चोरी, नादुरुस्त अंतरमापक आणि निराळ्या मापाचे टायर यांमुळेही आकडा फसवा येतो.

चाके व शक्तिप्रेषण : टायरांत हवा कमी असणे, पुढील चाकांची संरेखा बिघडणे आणि ब्रेक धरून राहणे ही वरवर क्षुल्लक, पण नेहमीची कारणे होत. ब्रेक फारसा न वापरता काही अंतर गेल्यावर एखाद्या चाकाचा ड्रम इतरांहून बराच तापलेला आढळल्यास तेथील ब्रेक किंवा धारवा (बेअरिंग) सदोष असतो. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवल्यास दोषाची खात्री होते. वरच्या गिअरमध्ये चढावर एंजिनाचे फेरे वाढूनही गाडीचा वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजतात.

हवा व निष्कास : एक किग्रॅ. डीझेल पूर्ण जळण्यास सु. १४·५ किग्रॅ. हवा लागते, प्रत्यक्षात याहून बरीच जास्त हवा पुरवावी लागते. हवागाळणी धुळीने तुंबल्यास हवा अपुरी पडते, काळा धूर येतो आणि न जळलेले इंधन काजळीच्या रूपाने बाहेर पडते. टर्बो असलेल्या एंजिनात हवेची रबरी नळी सैल झाल्यासही हाच परिणाम होतो. तुंबलेला सायलेन्सर किंवा अर्धवट मिटून अडकलेली निष्कास-ब्रेकची झडप यांमुळेही एंजिन गुदमरते.

इंधनपुरवठा : शक्ती कमी, पण धूर काळा नाही, अशा वेळी इंधनच कमी पोचत असण्याचा संभव असतो. इंधनगाळणी तुंबणे, नळीतून हवा शिरणे, पुरवठा-पंप निकामी होणे, तसेच ॲक्सिलरेटरचे दांडे झिजल्याने पंपाची तरफ शेवटपर्यंत न सरकणे, ही त्याची कारणे असतात. अंतःक्षेपकाची स्प्रिंग मंदावल्यास किंवा त्याचे तोंड झिजल्यास बारीक फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. मग काळा धूर आणि ठोके सुरू होतात. अंतःक्षेपणाची वेळ मागे पडल्यास ज्वलन उशिरा होऊन निष्कासातील उष्णता वाढते व शक्ती घटते. ती फार पुढे गेल्यास ठोके वाढतात. या तपासण्या परीक्षण-यंत्रावर जाणकाराकडूनच करून घ्याव्या लागतात, कारण दाबाखालील इंधनाचा फवारा त्वचा भेदू शकतो.

पिकअप वाढविण्यासाठी पंपाचे सील तोडून इंधनाची कमाल मात्रा वाढविण्याची पद्धत घातक आहे. हवा तितकीच राहिल्याने जादा इंधनाचा मोठा भाग धुरात जातो, दट्ट्ये व झडपा अधिक तापतात आणि मूळ दोष झाकला जातो.

एंजिनाची झीज : निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे दर्शवितो. एंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा किंवा सिलिंडरात शिरलेल्या पाण्याचा असतो. टॅपेटची फट चुकल्यास झडपा नीट मिटत नाहीत; दट्ट्याच्या रिंगा झिजल्यास संपीडन घटते आणि तेलकुंडाच्या हवानळीतून वाफारे येतात. संपीडनमापकाने प्रत्येक सिलिंडर तपासून दोष निश्चित करतात. उष्ण प्रदेशात एंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा आढळते. परंतु त्यामुळे एंजिन योग्य तापमानास उशिरा पोचते, इंधन जास्त लागते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

तपासणीचा क्रम : मोजणी, टायर व ब्रेक, क्लच, हवागाळणी, इंधनगाळणी, टॅपेट, अंतःक्षेपक, पंप आणि शेवटी संपीडन, असा स्वस्त व सोप्या उपायांकडून महाग उपायांकडे जाणारा क्रम सोयीचा असतो. एका वेळी एकच फेरफार करून पुन्हा खप मोजल्यास कोणत्या दुरुस्तीने किती लाभ झाला ते कळते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनीय नियंत्रक पुष्कळसे दोष संकेतांकांच्या रूपाने स्वतःच नोंदवितो. तथापि धरून राहिलेला ब्रेक किंवा हवा कमी असलेला टायर अशा नोंदीत बहुधा सापडत नाही; त्यासाठी प्रत्यक्ष पाहणीच करावी लागते.