लहान मुलांचा कान का ठणकतो? मध्यकर्णाचा संसर्ग समजून घ्या

पावसाळा सुरू झाला की अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, घराघरांत लहान मुलांना सर्दी होते. दोन-तीन दिवसांनी एखाद्या रात्री मूल रडत उठते आणि कान सोडत नाही. ‘कानात पाणी गेले असेल’ असे म्हणून घरात लसणीचे तेल कोमट केले जाते. पण बहुतेक वेळा हे दुखणे कानाच्या बाहेरून आलेले नसते. ते नाकाच्या वाटेने आलेले असते.

मध्यकर्ण म्हणजे काय?

कानाच्या पडद्यामागे हवा भरलेली एक छोटी पोकळी असते. तोच मध्यकर्ण. ऐकण्यासाठी लागणारी तीन चिमुकली हाडे तिथेच असतात. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि आतल्या हवेचा दाब सारखा राहतो.

संसर्ग कसा होतो?

सर्दीत ही नळी सुजते व बंद होते. पोकळीत पाणी साचते. नाका-घशातले विषाणू किंवा न्यूमोकोकससारखे जिवाणू तिथे वाढले की पू होतो, पडद्यावर दाब येतो आणि कान ठणकू लागतो. आडवे झाल्यावर दाब वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त जाणवतो.

मुलांनाच जास्त का?

लहान मुलांची ही नळी मोठ्यांपेक्षा आखूड आणि जवळपास आडवी असते, त्यामुळे जंतू सहज वर चढतात. सहा महिने ते दोन वर्षे या वयात हा आजार सर्वाधिक दिसतो. पाळणाघरातून येणारी वारंवार सर्दी, घरातला विडी-सिगारेटचा धूर, बाळाला आडवे ठेवून बाटलीने दूध पाजणे आणि नाकामागची वाढलेली ॲडिनॉइड गाठ यांमुळे धोका वाढतो.

तेल का घालू नये?

पडदा शाबूत असेल तर तेल आत पोचतच नाही. पडद्याला छिद्र पडले असेल तर ते थेट आत जाते आणि संसर्ग वाढू शकतो. स्टेशनबाहेर कान साफ करून घेणे किंवा घरी काडी घालणेही धोक्याचे. यात पडद्याला इजा होऊ शकते.

कान फुटला तर?

दाब वाढून पडदा फाटला की पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. इथेच अनेकांची फसगत होते. दुखणे थांबले म्हणजे आजार बरा झाला असे नाही. बहुतेकदा छिद्र आपोआप भरून येते, पण कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत राहिला तर आजार जुनाट होऊ शकतो. त्यात ऐकू येणे कमी होते. क्वचित संसर्ग कानामागच्या हाडात किंवा मेंदूपर्यंतही जातो.

दुखणे गेल्यावरही पडद्यामागे पाणी काही आठवडे राहू शकते. हाक मारली तरी मूल वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, वर्गात लक्ष देत नाही. अशा मुलाला रागावण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा. बोलायला शिकण्याच्या वयात कमी ऐकू येणे महागात पडते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, ताप जास्त असेल, कान वाहत असेल, कानामागे सूज असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा मूल सुस्त वाटत असेल, तर लगेच. विलेपार्ल्याचे कूपर आणि घाटकोपरचे राजावाडी या महापालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतेच असे नाही. दोन वर्षांवरील मुलाला सौम्य त्रास असेल तर डॉक्टर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहायला सांगू शकतात. मात्र अँटिबायोटिक दिले असेल तर ते मध्येच बंद करू नये.

टाळण्यासाठी काय करावे?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. बाटली द्यावीच लागली तर बाळाचे डोके उंच धरावे. घरात धूम्रपान नको. न्यूमोकोकल लस (पीसीव्ही) सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते. ती सगळ्या कानदुखीपासून वाचवत नाही, पण त्यामागच्या एका मुख्य जिवाणूपासून संरक्षण देते.