बर्डीहून म्युनिकला : आई-बाबांचा तीन महिन्यांचा मुक्काम

आपण जर्मनीत नोकरीला आणि आई-बाबा सीताबर्डीवर, अशी घरं आता नागपुरात नवलाची राहिलेली नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की फोनवर विषय निघतो, "या ना इकडे दोन-तीन महिने." बोलावणं सोपं असतं. त्यांना आणणं, सांभाळणं आणि जवळपासची चार गावं दाखवून सुखरूप परत पाठवणं यात बरेच टप्पे आहेत. ते इथे क्रमाने पाहू. उदाहरणासाठी म्युनिक घेतलं आहे. व्हिसाचे नियम जर्मनीत कुठेही राहत असाल तरी हेच.

सगळ्यात आधी महिना ठरवा. मे ते जुलै हा काळ नागपूरकरांना सोयीचा. मात्र व्हिसा केंद्रांवरची गर्दीही त्याच सुमाराची असते. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्यात यायचं असेल तर डिसेंबरमध्ये हालचाल सुरू केलेली बरी.

आता पासपोर्ट. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतरही निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला हवा. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो नावांत. बाबांच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव जोडलेलं असतं, आधारवर नसतं. आईचं बँक खातं माहेरच्या नावाने असतं. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली आहेत, ती त्यांच्या पासपोर्टवरच्या नावांशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. नातं सिद्ध करायला आपला जन्मदाखलाही लागतो. तो जुना आणि हस्तलिखित असेल तर महापालिकेकडून नवी प्रत वेळेत काढून घ्या.

यापुढचं काम आपल्याला जर्मनीतच करायचं आहे. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे 'आउसलेंडरबेहोर्डं'मध्ये जाऊन एक हमीपत्र घ्यायचं. त्याचं नाव लांबलचक आहे, 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग'. अर्थ इतकाच की पाहुण्यांचा राहण्या-जेवण्याचा आणि आजारपणाचा खर्च, वेळ पडली तर त्यांना परत पाठवण्याचाही खर्च आपण उचलू. पगाराच्या पावत्या, घराचा भाडेकरार, आपला पासपोर्ट आणि निवास परवाना सोबत न्या. शुल्क २९ युरो आहे.

हे हमीपत्र औपचारिकता समजून सही करू नका. ती कायदेशीर जबाबदारी आहे आणि तिची मुदत पाच वर्षांपर्यंत असते. दुसरी गोष्ट, मूळ कागद नागपूरला पाठवावा लागतो, छायाप्रत चालत नाही. अर्जासोबत जोडायला तो सहसा सहा महिनेच ग्राह्य धरतात. काही शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून आधी ही वेळ घ्या आणि मग मुंबईची.

मुंबईची अशासाठी की नागपूरकरांची फाइल मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जाते. अर्ज व्हीएफएस ग्लोबल या कंपनीच्या केंद्रात स्वीकारला जातो. बोटांचे ठसे द्यायला आई-बाबांना स्वतः जावं लागतं. मात्र गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर तेच पुन्हा वापरता येतात. शेंगेन म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या २९ युरोपीय देशांचा गट. मोठ्यांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो, शिवाय केंद्राचा सेवाआकार. रात्रीच्या दुरांतोने निघून सकाळी मुंबई गाठता येते. तरी साठीच्या पुढच्या माणसांना त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसवू नका.

फाइलमध्ये बाबांची पेन्शन, मुदतठेवी, घराची कागदपत्रं आणि सहा महिन्यांचं बँक विवरण असू द्या. अर्जदार परत येणार का, हे अधिकाऱ्याला पाहायचं असतं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम चार-पाच लाख टाकण्याची युक्ती बर्डीवरचा कुणीतरी जाणकार हमखास सुचवतो. तसं करू नका. ते पैसे कुठून आले, हाच पहिला प्रश्न निघतो.

कागद पहिल्याच वेळी नीट लावायचं आणखी एक कारण आहे. व्हिसा नाकारला तर पूर्वी जर्मन दूतावासाकडेच फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज तरी करायचा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचं.

प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा, सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू असलेला हवा. पॉलिसी घेताना एक प्रश्न नक्की विचारा. रक्तदाब, मधुमेह यांसारखा आधीपासूनचा आजार तिथे अचानक बळावला तर खर्च मिळेल का? स्वस्त पॉलिसीत तो बहुधा वगळलेला असतो. हमीपत्रावर सही आपली आहे, त्यामुळे रुग्णालयाचं बिल आपल्याच दारात येणार.

व्हिसा हाती आला की स्टिकर सावकाश वाचा, कारण सगळ्यात महाग चुका इथे होतात. त्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात : कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती दिवस आणि किती प्रवेश. तारखांच्या मधला काळ म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे. तारखा १०५ दिवसांच्या अंतराच्या आणि दिवस ९० असतील तर राहता येतं ९० दिवसच.

मोजण्याची रीत अशी. कुठल्याही १८० दिवसांच्या टप्प्यात ९० दिवस, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरायचे. १ मे रोजी उतरले तर शेवटचा दिवस २९ जुलै. "तीन महिने म्हणजे ३१ जुलै" असं समजून तिकीट काढलं तर दोन दिवस जास्तीचे होतात. सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी व्यवस्था १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली असून हे दिवस आता संगणकच मोजतो. विमान चुकणं, रद्द होणं धरून चार-पाच दिवस हातचे ठेवलेले बरे.

तिकिटाचं पाहताना नागपूरहून दोहामार्गे जाणारं विमान मिळतं का ते आधी बघा. मुंबई-दिल्लीला टर्मिनल बदलून सामान ओढण्यापेक्षा एकच बदल ज्येष्ठांना झेपतो. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा. आई "मला काय झालंय?" म्हणेल. तरी मागा. लांबच लांब विमानतळावरचं चालणं वाचतंच, पण त्याहून जास्त कामी येतो तो सोबतचा माणूस, जो रांगेतून आणि सूचनाफलकांतून बरोबर वाट काढून देतो.

सामानाचं मात्र मन घट्ट करून सांगावं लागतं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे घरचं तूप, खवा, पनीर राहू द्या. ताज्या फळांचंही तसंच. केळी, नारळ, अननस, खजूर, डुरियन सोडून बाकीच्या फळांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. थोडक्यात, नागपूरची संत्री घरीच ठेवायची. कढीपत्त्याची ताजी जुडीही. मसाले, पापड, कुरड्या, चटण्या चालतात. प्रवास दुबई किंवा शारजामार्गे असेल तर खसखस अजिबात नको, तिथे ती बाळगणं गुन्हा आहे. औषधं पूर्ण मुक्कामापुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

ते घरी पोचले की पहिले तीन-चार दिवस कुठेही नेऊ नका. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. झोप लागत नाही आणि जेवणाची वेळ हुकते, त्यामुळे साखरेच्या गोळ्याही पुढे-मागे होतात. खोलीला जाड पडदे लावा. घरमालकाला पाहुण्यांची कल्पना द्या, कारण तीन महिन्यांच्या मुक्कामाला सहसा 'पाहुणे' म्हणत नाहीत. नगरपालिकेत पत्ता नोंदवण्याची मात्र तीन महिन्यांपर्यंत गरज नाही. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणा. फ्रिजवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहा : तातडीला ११२ आणि रात्री-बेरात्री साध्या दुखण्यासाठी डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

माझ्या मते सगळ्या मुक्कामातला कळीचा आठवडा हाच. बर्डीवर दिवसभर कुकरच्या शिट्ट्या, हॉर्न, मेन रोडच्या फेरीवाल्यांचे आवाज. इथे इमारतीत चिटपाखरू नाही. आपण कामावर गेलो की आई-बाबा खिडकीशी बसतात आणि पंधराव्या दिवशी परतीच्या तारखा मोजू लागतात. त्यावर शनिवार-रविवारी सहल हा उपाय बहुतेकजण करतात, पण मधले पाच दिवस तसेच राहतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना एक मार्ग एकट्याने जाता येईल इतका शिकवा : घर ते बाग, किंवा घर ते भारतीय दुकान, एकच ट्राम. पहिल्या दिवशी आपण पुढे चाला, दुसऱ्या दिवशी त्यांना पुढे चालू द्या, तिसऱ्या दिवशी फोनवर राहा.

या शिकवणीत तिकिटाची गोष्ट नीट समजावा. सीताबर्डी इंटरचेंजवर कार्ड किंवा तिकीट दाखवल्याशिवाय मेट्रोचं दार उघडत नाही. म्युनिकमध्ये दारच नाही, कुणी अडवतही नाही. पण साध्या वेशातला तपासनीस चढला आणि तिकिटावर यंत्राचा शिक्का नसेल तर ६० युरो दंड होतो. तिकीट घेतलं होतं, हे सांगून उपयोग नसतो.

आता छोट्या सहली. शहरांतल्या बस-ट्राम आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांसाठी डॉइचलांडटिकट हा महिन्याचा पास आहे, २०२६ पासून ६३ युरोंना. तो वेगवान आयसीई-आयसी गाड्यांना चालत नाही. फलाटावर समोर आलेल्या पांढऱ्या चकचकीत गाडीत घाईने चढलं की चूक झालीच. एका दिवसापुरतं जायचं तर बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्याचं बायर्न-टिकट पुरतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं.

पहिली सहल साल्झबुर्गची करा. देश ऑस्ट्रिया, पण वरचे दोन्ही पास तिथल्या मुख्य स्थानकापर्यंत चालतात आणि प्रादेशिक गाडीने जेमतेम दोन तास लागतात. पासपोर्ट सोबत हवाच. शेंगेनमध्ये एरवी तपासणी नसली तरी जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भू-सीमांवर ती सुरू केली आहे, आणि मोबाइलमधला फोटो पोलिसांना पुरत नाही.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला सगळ्यांनाच बघायचा असतो. राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं. प्रवेश ठरलेल्या वेळेचा असतो, वर जायचा रस्ता खडा चढाचा आणि आत पायऱ्याच पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर खालच्या तळ्याकाठी बसून तो छान दिसतो, हे मी बिनदिक्कत सांगेन. प्रत्येक सहलीत सुटी नाणी जवळ ठेवा. बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहाला एक युरोपर्यंत पैसे पडतात, आणि या वयात ती गरज थांबत नाही.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, तेव्हा व्हिसाची अडचण नाही. पण ते युरोपीय संघात नाही. जर्मन सिमकार्डाच्या बऱ्याच प्लॅनमध्ये तिथलं इंटरनेट वेगळं आकारलं जातं. सीमेआधी फोनचा डेटा बंद करा. लंडनचा बेत मात्र वेगळाच. ब्रिटन शेंगेनबाहेर आहे, त्याचा व्हिसा स्वतंत्र लागतो आणि आई-बाबांच्या जर्मन व्हिसावर प्रवेश एकच असेल तर लंडनहून म्युनिकला परत येता येणार नाही. अर्ज करतानाच असा बेत असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि कारण लिहा. सगळ्या सहलींचे दिवस धरूनही सर्वांत जास्त मुक्काम जर्मनीतच दिसला पाहिजे, कारण अर्ज त्याच देशाकडे करायचा असतो.

परतीच्या आधी डॉइचलांडटिकटचा पास रद्द करायला विसरू नका. तो आपोआप पुढच्या महिन्यात सरकतो. महिनाअखेर थांबवायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. बोर्डिंग पास आणि विम्याचे कागद एका लिफाफ्यात नागपूरला जाऊ द्या, पुढच्या व्हिसाला कामी येतील. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळून ते नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असली पाहिजे. बाबांचा पासपोर्ट दीड वर्षात संपत असेल तर पुढच्या अर्जाआधी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून तो नवा करून घ्या, आणि जुना, व्हिसाच्या पानांसकट, जपून ठेवा.